कामाची गाडी आणि हौसेची गाडी

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक खटला उभा राहिला आणि त्याचा न्यायाधीश म्हणून माझी नेमणूक झाली. माझी पात्रता एवढीच, की मी जालन्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. शिकवणाऱ्या माणसाला सगळेच कळते असा एक समज आमच्या गावात अजून टिकून आहे, आणि तो मोडण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

खटला गाडीचा होता. वादी आमचे थोरले बंधू. साऱ्या गावाप्रमाणे आम्हीही त्यांना दादाच म्हणतो. अंबड तालुक्यात आमची नऊ एकर जमीन आहे; तीत चार एकर मोसंबीची बाग आणि उरलेल्यात कपाशी. प्रतिवादी दादांचा मुलगा, माझा पुतण्या. तो पुण्याला एका कारखान्यात इंजिनियर आहे. बागेचे दोन बहार बरे गेले होते, पुतण्याच्याही हाती काही शिल्लक होती, तेव्हा घराला एक चारचाकी घ्यावी हे दोघांनाही मान्य होते. कोणती घ्यावी, एवढाच प्रश्न होता. आणि एवढ्याच प्रश्नावर घरे मोडतात.

दादांचे म्हणणे, मागे माल टाकायला हौदा असलेली पिकअप घ्यावी. मोसंबीचे कॅरेट, खताची पोती, सरकीची ढेप, वेळप्रसंगी वासरू, सगळे तिच्यात बसते. पुतण्याचे म्हणणे, घ्यायचीच तर चारही चाकांना ताकद देणारी, डोंगर चढणारी, पाण्यात उतरणारी जीप घ्यावी. तो पुण्याच्या एका मंडळाबरोबर रविवारी मावळात जाऊन मुद्दाम चिखलात गाड्या घालतो, आणि त्यासाठी वर वर्गणीही भरतो. हे ऐकून दादा पाच मिनिटे काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "चिखलात जायला पैसे देता? आरं, मग इथं ये की. आम्ही फुकट देतो."

वाचकहो, दादांच्या या बोलण्यात आमच्या मुलखाचा सगळा भूगोल आहे. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की हातातली काठी आत जावी. पहिले दोन पाऊस झाले की तीच माती फुगते, भेगा मिटतात आणि तिचा लोण्यासारखा चिकण होतो. गावापासून आमच्या आखाड्यापर्यंत पावणेदोन किलोमीटरची गाडीवाट आहे आणि तिच्यामध्ये एक ओढा आहे. आंबिया बहाराची मोसंबी उतरते ती नेमकी पावसाळ्यात. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे खरे. परंतु ते मानांकन डांबरी रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रकपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत जात नाही. फळ वेळेवर उतरले नाही तर गळते, आणि उतरवून चिखलात अडकले तर व्यापारी भाव पाडतो. म्हणजे आमच्या गाडीची निवड ही शोभेची गोष्ट नव्हती.

मी न्यायाधीश झालो आणि न्यायाधीशाप्रमाणे प्रथम पुरावा गोळा करू लागलो. तेव्हा ध्यानात आले, की हा खटला आमच्या घरात नव्याने उभा राहिलेला नाही. तो फार जुना आहे.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात दोन गाड्या असत. एक बैलगाडी. जाड आऱ्यांची, जड चाकांची, शेणखताचा आणि कडब्याचा वास कायम अंगावर वागवणारी. दुसरी दमणी. ही अंगाने हलकी, माणसे नेण्याची. आजोबा तिच्यात बसून सोयरिकीला जात, लेकीबाळींना माहेरी आणत, आणि जत्रेला जाताना बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा घालीत. दमणीत कधी खत भरले गेल्याचे मला आठवत नाही. परंतु दोन्ही गाड्यांना बैल तेच असत. सकाळी ज्यांनी नांगर ओढला तेच संध्याकाळी घुंगरमाळा घालून ऐटीत पळत. आमच्याकडे आणि विदर्भात शंकरपट भरतो, तो या हौसेचा कळस. सरळ धावपट्टीवर हलकी गाडी जुंपून जोड्या सोडायच्या आणि घड्याळ लावून सेकंदासेकंदाचा हिशेब करायचा. या खेळाला कोर्टाची पायरीही चढावी लागली. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून शर्यतींना वाट मोकळी झाली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. कामाचा बैल आणि खेळाचा बैल यांत अंतर किती असावे, हा प्रश्न देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयालाही नऊ वर्षे पुरला. मग मी तर मराठीचा अध्यापक!

बैलांनंतर जीप आली. जीपचा जन्म मात्र ना कामासाठी ना खेळासाठी, तो युद्धासाठी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याला हलकी, बुटकी, चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी होती. १९४० साली बँटम नावाच्या लहानशा कंपनीने पहिला नमुना करून दिला, आणि पुढे विलीज व फोर्ड या कंपन्यांनी त्या लाखांच्या संख्येने बनवल्या. साठ अश्वशक्तीचे इंजिन आणि पुढच्या-मागच्या चाकांत अवघे ऐंशी इंचांचे अंतर. चाकांतले अंतर कमी असले की गाडी वरंब्यावर पोट टेकून अडकत नाही आणि थोड्या जागेत वळते, हे सोपे गणित त्यामागे होते.

१९४५ साली युद्ध संपत आले आणि विलीज कंपनीपुढे प्रश्न पडला, की आता ही गाडी विकायची कोणाला? तिने ती शेतकऱ्यापुढे नेली. नागरिकांसाठी काढलेल्या या पहिल्या जीपच्या इंजिनाची शक्ती पट्ट्याने बाहेर काढून करवत, मळणीयंत्र चालवता येई. मागे नांगर जोडता येई. जाहिरात अशी, की ट्रॅक्टर, ट्रक आणि घरची गाडी हे सगळे एकीतच. म्हणजे आज जिच्या टपावर दिवे लावून तरुण मंडळी फोटो काढतात, तिची पहिली नागरी नोकरी शेतगड्याची होती. पुतण्याला मी हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा पडला आणि दादांचा खुलला.

स्वातंत्र्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच महिंद्र कंपनीने मुंबईला माझगाव येथे विलीज जीपचे सुटे भाग आणून जोडायला सुरुवात केली. तिथून पुढे जीप ही आपल्याकडे सरकारची, कलेक्टरची, पाटबंधारे खात्याच्या साहेबांची गाडी झाली. तिच्या वंशातल्या लांबट गाड्या काळा-पिवळा रंग लावून मराठवाड्याच्या रस्त्यांवर उतारू वाहू लागल्या. 'काळी-पिवळी'त बसण्याची क्षमता कागदावर किती लिहिली होती ते आम्ही कधी विचारले नाही. मी अंबडहून कॉलेजात जात असे तेव्हा मागच्या पायरीवर एका पायाने उभा राहून परीक्षेची उजळणी करीत असे. त्या गाड्यांची अखेरही मी पाहिली आहे. जालना हे लोखंडी सळयांचे गाव. तिथल्या भट्ट्यांना भंगार लागते. ज्या गाडीने आमच्या तीन पिढ्या जत्रेला नेल्या, तिची सळई होऊन आमच्याच एखाद्या घराच्या स्लॅबमध्ये ती आज पडून असेल.

यानंतर या घराण्याच्या दोन शाखा झाल्या, आणि आमचा खटला नेमका याच फाट्यावर उभा होता. एक शाखा कामाची. २००० साली बोलेरो आली आणि खेड्याने तिला घरची मानली. सरपंच, बियाण्याचा व्यापारी, ठेकेदार, दवाखान्याची रुग्णवाहिका, सगळीकडे ती. दुसरी शाखा हौसेची. २०१० साली थार आली. २ ऑक्टोबर २०२० रोजी तिचा नवा अवतार निघाला. १५ ऑगस्ट २०२४ रोजी पाच दारांची आली. कंपनीच्या पुस्तिकेत आकडे असे: बोलेरोचे पोट जमिनीपासून १८० मिलिमीटर उंच, नव्या तीन दारांच्या थारचे २२६. ही थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते. कागदावर निकाल उघड आहे.

पण गंमत पुढेच आहे. खेड्यात रोज चिखल तुडवणारी बोलेरो बहुधा मागच्या दोन चाकांच्याच जोरावर चालते, कारण चार चाकांची यंत्रणा महाग, वजनाने जड आणि डिझेल पिणारी. आणि २०२३ च्या जानेवारीत थारचीही मागच्या दोन चाकांवर चालणारी आवृत्ती निघाली. रूप अरण्यात जाणाऱ्या गाडीचे, पण जायचे शहरातल्या सिनेमाला, असे गिऱ्हाईक पुष्कळ आहे हे कंपनीने ओळखले होते. म्हणजे ज्याला चिखल टळत नाही तो दोन चाकांवर भागवतो, आणि चार चाकांची ताकद विकत घेणाऱ्याला पुष्कळदा चिखलच भेटत नाही.

हीच वाटणी अमेरिकेत अगदी उघड्या पद्धतीने झाली आहे. पुतण्याने मला तिकडच्या गाड्यांची चित्रे दाखवली. चालवणारा आणि सोबती शेजारी-शेजारी बसतात, वर नळ्यांचा पिंजरा, दारे जवळजवळ नाहीतच, टायर मोठे आणि खाचांचे. या गाड्यांना तिकडे नावच 'साइड-बाय-साइड' असे पडले आहे. त्यांतला कामाचा प्रकार १९८८ साली कावासाकीने 'म्यूल' या नावाने आणला. म्यूल म्हणजे खेचर. नाव ठेवणाऱ्याने काही लपवले नाही. १९९८ मध्ये पोलॅरिस कंपनीची 'रेंजर' आली. तिच्या मागे उलटता येणारा हौदा असतो. मोठ्या रेंजरमध्ये त्यात साडेचारशे किलो माल मावतो आणि मागे हजार-अकराशे किलोंची गाडी ओढता येते. तिकडचा शेतकरी कुंपण दुरुस्त करायला, गवताच्या पेंढ्या टाकायला तीच घेऊन जातो. मग दहा वर्षांनी त्याच कंपनीने खेळाची 'आरझेडआर' काढली. हिची चाके दगडावरून उडी घेताना दीड-दीड फूट वरखाली होतात, म्हणजे धक्का माणसापर्यंत पोचत नाही, वेग भलताच, पण मागे माल ठेवायला जागा सुमारे १३५ किलोंची. शिकारीला जाणाऱ्याच्या पिशव्या मावाव्यात, एवढीच. एकाच आईची ही दोन लेकरे! एकाचे स्प्रिंग वजन पेलण्यासाठी कडक, दुसऱ्याचे उडी झेलण्यासाठी मऊ आणि लांब. एकाचे गिअर सावकाश ओढण्यासाठी, दुसऱ्याचे झेप घेण्यासाठी. दोन्ही गुण एका गाडीत पूर्णपणे आणता येत नाहीत, कारण मऊ स्प्रिंगवर साडेचारशे किलो टाकले तर गाडी बसते, आणि कडक स्प्रिंगवर मोकळी गाडी पळवली तर माणसाचे मणके बसतात.

या गाड्या आपल्याकडेही आल्या आहेत. डोंगरातल्या विश्रामधामांत पाहुण्यांना फेऱ्या मारायला ठेवलेल्या असतात. त्यांना रस्त्यावर चालण्याचा परवाना मिळत नाही. मात्र याच कंपनीच्या एका चारचाकी मोटारसायकलीने भारतात रस्त्यावर येण्याची युक्ती काढली: तिने ट्रॅक्टर म्हणून नोंदणी करून घेतली! खेळाला आपल्या देशात रस्त्यावर यायचे तर त्याला शेतकऱ्याचा फेटा बांधावा लागतो, असे मी दादांना म्हणालो. ते म्हणाले, "बांधू दे. फेट्याला कोणी ना म्हणतंय का? पण फेटा बांधला म्हणून वखर चालवता येतो असं नाही."

एवढा पुरावा जमल्यावर मी एक कोष्टक केले. डावीकडे पिकअप, उजवीकडे जीप. मध्ये किंमत, वजन, पोटाची उंची, डिझेल, दुरुस्ती. कविता तपासण्यापेक्षा हे काम सोपे वाटले. गुण दिले, बेरीज केली. पिकअप चार गुणांनी पुढे होती. भाद्रपदात महालक्ष्म्यांना सगळे घरी जमणार होते, तेव्हा निकाल वाचून दाखवायचे ठरवले.

पुतण्या त्या सणाला आला तो आपल्या एका मित्राची चारचाकी ताकदीची जीप मागून घेऊन. गाडीचे नाव मी सांगत नाही. जाहिरात नको आणि निंदाही नको. आबांना प्रत्यक्षच दाखवू, असा त्याचा बेत होता. महालक्ष्म्यांचे जेवण झाले, दुसऱ्या दिवशी विसर्जन झाले आणि त्या रात्रीपासून पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी मोसंबी उतरवणे भागच होते. डांबरी रस्त्यावर व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता. दादांनी भाड्याचा ट्रॅक्टर लावला, ट्रॉलीत ऐंशी कॅरेट भरले, आणि ओढ्याच्या अलीकडे गाडीवाटेच्या अरुंद जागी तो ट्रॅक्टर रुतला. चाके फिरत होती. पण खाचांत चिकण भरून ती गुळगुळीत झाली होती, आणि प्रत्येक फेऱ्याला ट्रॉली चार बोटे खाली जात होती.

ती वाट तिथे पूर्वी दोन बैलगाड्या समोरासमोर निघतील एवढी होती. शेजाऱ्याचा बांध वर्षाला वीतभर सरकत सरकत आज एका गाडीला जेमतेम जागा उरली आहे. दादा आणि तो शेजारी सहा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते.

आम्ही सगळे ट्रॉलीभोवती असताना आखाड्याकडून सालगडी ओरडत आला. वहिनींना साप चावला होता. कॅरेटाखालच्या पाल्यात घोणस बसली होती.

आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. मला शाळेत घातले ते वहिनींनी. मॅट्रिकच्या फीसाठी त्यांनी आपल्या पाटल्या काढून दिल्या, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या बाजेवर बसल्या होत्या, पाय सुजत चालला होता, आणि त्या मला म्हणाल्या, "भाऊजी, मोसंबी निघाली का?"

वाट ट्रॉलीने बंद होती. चालत नेणे म्हणजे विष अंगभर पसरवणे. दादा, ज्यांनी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नाहीत, ते पोरापुढे नुसते उभे राहिले. पुतण्याने एकदा आभाळाकडे पाहिले आणि कामाला लागला. मी त्याला लहानपणापासून पाहत आलो आहे. पण तो असा शांत मी कधी पाहिला नव्हता. त्याने प्रथम आईच्या पायातली जोडवी काढायला लावली, कारण सूज चढली की ती बोटात रुततात. वहिनी सौभाग्याची जोडवी काढायला तयार होईनात. शेवटी दादांनी स्वतः खाली बसून साबण लावून ती काढली. पायाला घट्ट बांधायचे नाही, पाय हलवायचा नाही, एवढे सांगून पुतण्या गाडीकडे गेला आणि चारही चाकांतली हवा सोडू लागला. मला वाटले पोराचे डोके फिरले. तो म्हणाला, "काका, टायर पसरला की चिखलावर तरंगतो. बत्तीसवरून अठरावर आणतोय."

बागेत मोसंबीच्या दोन ओळींत सहा मीटर अंतर असते. त्या ओळींतून त्याने गाडी काढली. पुढे बांध, आणि बांधापलीकडे त्याच शेजाऱ्याचे तारेचे कुंपण. आम्ही पोचलो तेव्हा शेजारी पक्कड घेऊन आधीच उभा होता. त्याने आपल्या हाताने तारा तोडल्या. कोणी काही बोलले नाही. गाडी तिरपी होऊन बांध चढली, एक चाक क्षणभर अधांतरी फिरले, आणि पलीकडे उतरली.

ओढ्याशी पुतण्या थांबला. काठी घेऊन तो स्वतः पाण्यात उतरून पलीकडे जाऊन आला. पाणी गुडघ्याच्या वर चार बोटे होते, तळाला दगड होते. मग सर्वांत खालचा गिअर टाकून, मध्ये कुठेही न थांबता, गिअर न बदलता, माणसाच्या चालीने त्याने गाडी पार केली. डांबरी रस्त्यावर मऊ टायरांनीच ती अंबडला गेली. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशावरची लस लागलीच सुरू झाली. वहिनी पाच दिवस तिथे होत्या. सहाव्या दिवशी घरी आल्या तेव्हा त्यांनी पहिल्यांदा जोडवी मागितली.

त्या पाच दिवसांत रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून मी माझे कोष्टक फाडले. जिला मी खेळणे म्हणून चार गुण कमी दिले होते, तिने आमच्या घरातले माणूस परत आणले होते. त्याहूनही जिव्हारी लागले ते हे, की पुतण्याला हवा सोडणे, पाणी चालून पाहणे, वेग न वाढवणे हे सारे मावळातल्या रविवारच्या खेळातच शिकवले होते. ज्या चिखलाला दादा हसले होते, त्या चिखलात पोराची तालीम झाली होती. शंकरपटाच्या बैलाला हाकणाऱ्याचा हात ओळखायला शिकवतात, तेही असेच असावे.

मी दादांना म्हणालो, "निकाल झाला. पोराची गाडी घ्या."

दादा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आरं प्राध्यापका, ती गाडी चांगली. पोरगाही चांगला. मी आता तिला नावं ठेवणार नाही. पण उद्या ती पुण्याला जाणार. सणाला नसता आला तो, तर?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. मोसंबी अजून ट्रॉलीतच होती. त्या जीपच्या मागच्या भागात बारा कॅरेट बसतात. आमचा सगळा माल दोनशे कॅरेट. म्हणजे सतरा फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीला एक ओढा. शेवटी तो माल शेजाऱ्याच्या बैलजोडीने आणि आमच्या डोक्यांवरून निघाला, दोन दिवस उशिरा, आणि पडलेल्या भावात. गाडी काय करू शकते हे पुस्तिकेत छापलेले असते. ती गरजेच्या वेळी कोणाच्या दारात उभी असते, हे कुठल्याच पुस्तिकेत नसते. आणि कामाची गाडी कोणती हे ओळखायला तेच आधी पाहावे लागते.

पुतण्यालाही हे पटले. हवा कशी सोडायची आणि खालचा गिअर कधी टाकायचा हे त्याने जाण्यापूर्वी सालगड्याला आणि दादांना शिकवले. दिवाळीनंतर घरात आली ती जुनी पिकअप, निम्म्या किमतीत. उरलेल्या पैशांचा विचार करताना दादा म्हणाले, "आता वाटेचं बघू."

वाटेचे बघण्याचे काम माझ्याकडे आले. कायदा मी वाचला. १९०६ सालचा मामलतदार न्यायालय अधिनियम अजून चालू आहे; शेताची वाट कोणी अडवली तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि तो अडथळा काढून देऊ शकतो. बांधावरून वाट हवी असेल तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम १४३ आहे. गावनकाशा काढून आणला. आमची गाडीवाट त्यावर तुटक दुबार रेषेने स्पष्ट दाखवलेली आहे. मी तीन पानी अर्ज लिहिला. शेजाऱ्याच्या बांधाचा इतिहास त्यात असा रंगवला, की वाचणाऱ्याचे रक्त उसळावे. लिहून झाल्यावर मला तो इतका आवडला की दादांना दोनदा वाचून दाखवला.

दादांनी अर्ज हातात घेतला, घडी घातली आणि माझ्या खिशात ठेवला. "त्या दिवशी तारा त्यानं तोडल्या," ते म्हणाले. "दुसरा लिही. आणि त्यात पहिली सही त्याची."

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. २०२१ साली राज्य सरकारने शेतरस्त्यांसाठी काढलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेतून आमची वाट घ्यावी, एवढेच त्यात होते. विशेषण एकही नव्हते. खाली अकरा खातेदारांच्या सह्या, पहिली शेजाऱ्याची. पंचवीस वर्षे मी विद्यार्थ्यांना ललित गद्याचे सौंदर्य शिकवतो आहे. त्याचा मला पश्चात्ताप नाही. परंतु माझ्या हातून झालेले सर्वांत उपयोगी लिखाण कोणते, असे कोणी विचारले, तर ते एक पान मी पुढे करीन. तेवढे तीन पानांचे फाडलेले नाही. हौसेचे म्हणून कपाटात ठेवले आहे.

सरकारी काम त्याच्या गतीने येईल. तोवर या उन्हाळ्यात अकरा घरांनी वर्गणी काढली, शेजाऱ्याने आपला बांध आपल्याच नांगराने मागे घेतला, आणि ओढ्यापर्यंतच्या वाटेवर मुरूम पडला. यंदाच्या पावसात पिकअप रोज शेतात जाऊन आली. ओढ्याला पाणी असले की ती अलीकडे थांबते, आणि कॅरेट तेवढे अंतर डोक्यावरून येतात.

यंदाच्या महालक्ष्म्यांना पुतण्या आला तो स्वतःची नवी जीप घेऊनच; स्वतःच्या पगारातून, हप्त्यांवर. दादांनी तिला हळदकुंकू लावले, नारळ फोडला, आणि चाकाला हात लावून टायर दाबून पाहिला. वहिनी पुढच्या बाकावर बसल्या आणि सगळे शेतात निघालो. मुरमावरून गाडी सरसर गेली. ओढ्याला घोटाभर पाणी होते. पुतण्याने पलीकडे जाऊन गाडी थांबवली आणि जरा हिरमुसल्या आवाजात म्हणाला, "आई, आता या वाटेत काही मजाच राहिली नाही."

वहिनी पदर सावरत खाली उतरल्या. "नसू दे मेली," त्या म्हणाल्या, आणि कॅरेटाखालचा पाला काठीने आपटून पाहू लागल्या.